मावशीची फुंकर

विमानतळाच्या मागच्या अंगाला, हँगरच्या पत्र्याला चिकटून एक लांबोळकी खोली होती. दोन टेबलं, एक खुर्ची, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने आणि खिडकीकडे पाठ करून बसलेली मावशी. सव्वीस वर्षं ती त्याच खुर्चीत बसत होती. या काळात साहेब तीन बदलले. खुर्ची तीच राहिली, कारण नवी हवी तर अर्ज करावा लागे, आणि अर्ज करायचं म्हटलं की मावशीच्या कपाळाला आठ्या पडत.

तिचं काम विमानातल्या यंत्रांचं. वैमानिकाच्या पुढ्यात जी गोल गोल घड्याळं असतात, कुणी उंची सांगणारं, कुणी वेग, कुणी तेल किती उरलंय ते सांगणारं, त्यातलं एखादं वेड्यासारखं वागायला लागलं की मावशीला बोलावणं येई. बहुतेक वेळा घड्याळ धडधाकट असे आणि खोड असे ती वीज आणणाऱ्या तारेत, नाहीतर तार जिथे जोडतात त्या प्लगमध्ये. ही खोड मोठी लबाड. वर आकाशात थयथयाट करणार आणि खाली जमिनीवर आली की पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी हाताची घडी घालून गप्प बसणार. मग दिवसदिवस मीटर लावून तिची वाट बघायची.

मावशीला हे काम शिकवलं ते वस्तादांनी. त्यांच्या आडनावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. वस्तादांचा एकच नियम होता: आधी फुंकर, मग मीटर. तक्रार आली की प्लग उपसायचा, त्यात जोरात फुंकर मारायची, पिना मऊ फडक्यानं पुसायच्या, प्लग परत दाबून बसवायचा आणि मग मीटर लावायचं. धुळीनं हात माखलेल्या अवस्थेत मोजमाप घ्यायचं नाही, असं ते म्हणत. मावशीनं हा नियम इतका अंगी बाणवला की ती घरी रेडिओची पिन काढली तरी आधी फुंकर मारायची. हँगरमध्ये तिची थट्टाही त्यावरूनच चाले. 'मावशीनं फुंकर घातली की विमान रडायचं थांबतं,' असं पोरं म्हणायची. आणि खरंच थांबायचं. मावशी वहीत लिहायची, 'तपासले. दोष आढळला नाही.' खाली सही. तेच विमान दोन-तीन आठवड्यांनी तीच तक्रार घेऊन परत आलं, तर ती नवी तक्रार म्हणून नव्या पानावर जायची. जुनं पान उलटून बघायची रीत तिथं नव्हती, आणि ज्याला त्याला आपापलं काम होतं.

मावशीनं लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायची, "यंत्रं मुकाट्यानं बिघडतात, तेवढं मला पुरे." दोन गल्ल्या सोडून तिची थोरली बहीण राहायची. या बहिणीचा मुलगा म्हणजे ठोंब्या. लहानपणी कुठंही उभा केला की तिथंच उभा राहायचा, म्हणून हे नाव. आता तो तिशीचा होता आणि आठ माणसांचं दोन इंजिनांचं विमान उडवायचा, तरी नाव काही सुटलं नव्हतं. डोंगरापलीकडच्या गावांमधून आजारी माणसं इकडच्या इस्पितळात आणायची, जाताना औषधं आणि टपाल न्यायचं, हे त्याचं रोजचं काम. शाळेत असताना तो दुपारचा डबा घेऊन हँगरमध्ये यायचा आणि दारातूनच "मावशी!" म्हणून बोंब ठोकायचा. तेव्हापासून ती साऱ्या विमानतळाची मावशी झाली.

ठोंब्याचे वडील, म्हणजे मावशीचे भावजी, हेही वैमानिकच होते. बावीस वर्षांपूर्वी ते सहा प्रवाशांना घेऊन डोंगरावरच्या ढगात शिरले आणि बाहेर आलेच नाहीत. चौकशी झाली. विमान जळून कोळसा झालं होतं, कागद तेवढे शाबूत होते. कागदांवरून ठरलं की यंत्रं ठीक होती, ढगात वैमानिकाचा गोंधळ उडाला. मेलेल्याच्या माथी खापर फोडणं सोपं असतं, तो उलट उत्तर देत नाही. ताईनं मात्र ते खापर आपल्या डोक्यावर घेतलं. महिना उलटायच्या आत ती त्या सहाही प्रवाशांच्या घरी गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, "आमच्या ह्यांचं चुकलं. माफ करा." एका घरी तिला पाणी दिलं, एका घरी दार तोंडावर आपटलं. प्रत्येक दारात मावशी तिचा हात धरून उभी होती.

बावीस वर्षांनंतर, ठोंब्या तिशीचा झाला त्या वर्षी, ढगांनी डोंगर सोडलाच नाही, आणि ठोंब्याच्या विमानाची पहिली तक्रार आली ती त्याच दिवसांत. वैमानिकापुढच्या घड्याळांमध्ये एक असतं क्षितिज. बाहेर काही दिसेनासं झालं की विमान सरळ आहे की कललंय ते त्या घड्याळातली आडवी रेघ सांगते. ढगात माणसाच्या स्वतःच्या कानामेंदूवर काडीचाही भरवसा ठेवता येत नाही. विमान एका अंगावर पडत असलं तरी बसलेल्याला आपण सरळ आहोत असंच वाटतं. त्या वेळी ही रेघ हाच काय तो आधार. ठोंब्यानं वहीत लिहिलं होतं, 'ढगात क्षितिज थोडे कलल्यासारखे वाटले. नंतर ठीक.'

मावशीनं प्लग उपसला, फुंकर मारली, पुसला, बसवला, मीटर लावलं. सगळं ठणठणीत. 'दोष आढळला नाही.' बारा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा फुंकर, पुन्हा ठणठणीत. तिसऱ्या वेळी ठोंब्यानं वहीत काही लिहिलंच नाही. तो खोलीत आला, दार लोटून घेतलं आणि टेबलाच्या कडेवर बसला.

"मावशी, खरं सांग. यंत्रात खरंच काही नाही?"

"तीनशे वेळा सुई फिरवून बघितली रे. काही नाही."

"मग मलाच तसं दिसतं."

"काहीतरी बरळू नकोस."

"बरळत नाही. यंत्र ठीक असेल तर उरलं कोण? मीच ना?" तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "लोक बोलतात, मावशी. बापाचं डोकं ढगात फिरलं, आता पोराचं फिरतंय. मी मुद्दामच लिहिलं नाही या वेळी."

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. तिनं विमानात जाऊन त्याच्यादेखत पुन्हा प्लग काढला, पुन्हा फुंकर मारली, पुन्हा मोजलं आणि त्याला धीर यावा म्हणून सही जरा मोठीच ठोकली. "हे बघ. माझी सही आहे. यापुढे क्षितिज सांगेल ते ऐकायचं, तुझ्या डोक्याचं नाही." त्यानं मान डोलावली. लहानपणी औषध घेताना डोलवायचा तशी.

यानंतर आठ दिवसांनी मावशीची दाढ काढली. रात्रभर ती ठणकत होती, सकाळी गालाचा भोपळा झाला. डॉक्टरांनी दाढ उपटली, कापसाचा बोळा दातांत दाबून दिला आणि बजावलं, "चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, फुंकायचं तर अजिबात नाही. गुठळी सुटली तर रक्त थांबायचं नाही." रजा घ्या म्हणाले. मावशीनं मुंडी हलवली आणि थेट कामावर आली. घरी बसून गाल धरण्यापेक्षा इथं बसून धरलेला बरा, असा तिचा हिशेब.

ठोंब्या तासाभरापूर्वीच पलीकडे गेला होता आणि आता परतीला लागला होता. टेबलावर भलत्याच एका विमानाचं तेलाचं घड्याळ पडलं होतं, तारांच्या तुकड्यासकट. तक्रार अशी की सुई मधूनच झोपते. मावशीनं प्लग उपसला, सवयीनं तोंडाजवळ नेला आणि गाल असा काही ठणकला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जाऊ दे, म्हणाली. फुंकर राहिली, फडकंही राहिलं. तिनं प्लगच्या पिनांना तसंच मीटर लावलं.

मीटरची सुई निम्म्यावर येऊन अडकली.

मावशी बघतच राहिली. सव्वीस वर्षांत पहिल्या मोजणीला दोष असा आयता हाती आला नव्हता. तिनं चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. तेच. मग तिनं भिंगातून पाहिलं. एका पिनेवर गंजाचा हिरवट, बुरशीसारखा पातळ थर होता. तिनं फडक्यानं तो पुसला, प्लग एकदा आत-बाहेर केला आणि मीटर लावलं. सगळं ठणठणीत.

दोष होता, आणि तिनं मोजायच्या आधी तो पुसला असता तर तिनंच लिहिलं असतं, आढळला नाही. चार दिवस बरं चाललं असतं, ओल लागली असती, थर परत चढला असता. ठोंब्याच्या क्षितिजाचा प्लग तिनं मोजायच्या आधी किती वेळा पुसला होता? पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, आणि त्याच्या समाधानासाठी तिसऱ्यांदा. क्षितिजात तीन तारांनी वीज जाते. त्यातली एक कमजोर झाली तर आतलं चाक फिरत राहतं, पण त्यातला जीव जातो आणि रेघ हळूच, कळणारही नाही अशी, एका बाजूला सरकते. बिघाडाची लाल पट्टी दुसऱ्या तारेवर असते. ती पडतच नाही.

तिनं मागे वळून खिडकीबाहेर पाहिलं. डोंगराचा कमरेवरचा भाग ढगांनी गिळला होता.

मावशीला पळताना त्या विमानतळावर कुणी पाहिलं नव्हतं. ती हँगरमधून धावली, बाहेरचा जिना चढली आणि रेडिओच्या काचेच्या खोलीत शिरली. रेडिओवाला दचकून उठला. "मावशी, इथं असं येता येत नाही."

"ठोंब्या कुठाय?"

"आत्ताच ढगात शिरला. सोबत पेशंट आहे, बायको आहे त्याची, आणि नर्स. काय झालं?"

मावशीनं त्याच्या हातातून माइक ओढून घेतला. "ठोंब्या, तुझं क्षितिज खोटं आहे."

"कोण? काही कळत नाहीये."

तोंडात बोळा होता. तिनं तो बोटानं काढून रेडिओवाल्याच्या बशीत टाकला. तोंडात रक्ताची खारट चव पसरली. "मी मावशी. क्षितिज बघू नकोस. खालची छोटी वळणाची सुई, तिची तार वेगळी आहे, ती काय म्हणते?"

थोडा वेळ नुसती खरखर. "सुई उजवीकडे आहे. क्षितिज सरळ आहे."

"तू सरळ नाहीस. उजवीकडे पडतोयस."

"मला तर सरळच वाटतंय. आणि मावशी, क्षितिज तू तपासलंयस. तूच म्हणालीस, क्षितिजाचं ऐक."

"उंची किती?"

त्यानं सांगितली. रेडिओवाल्यानं भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. डोंगराचा माथा त्या आकड्याच्या फारसा खाली नव्हता. ठोंब्यानं पुन्हा आकडा सांगितला, तो आधीच्यापेक्षा कमी होता.

"मावशी, वहीत तुझी सही आहे," तो म्हणाला. आवाजात भीती नव्हती. आईला काहीतरी समजावून सांगावं तसा तो समजावत होता.

"माझी सही खोटी आहे!" ती ओरडली. खोलीतले सगळे, आणि त्या रेडिओलहरीवर ऐकणारं जे कुणी असेल ते सगळे, ऐकत होते. "दोष होता. दर वेळी होता. मीच फुंकर मारून पुसला आणि मग मोजलं. तुझं डोकं ठीक आहे, माझी सही चुकलीय. सुई मधे आण. क्षितिज काहीही सांगू दे. आण म्हणते ना!"

खरखर. नंतर काहीच नाही. रेडिओवाल्याच्या घड्याळाचा काटा सरकत होता आणि मावशीच्या हनुवटीवरून रक्त खाकी डगल्यावर टपकत होतं. तिनं माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"आणतोय," ठोंब्या म्हणाला. थोड्या वेळानं, "सुई मधे आली. क्षितिज म्हणतंय मी डावीकडे पडतोय."

"म्हणू दे त्याला."

"उंची थांबली." मग बराच वेळ गेला. "चढतोय."

अर्ध्या तासानं विमान उतरलं. पेशंटला खाली घेतलं, नर्स आणि त्याची बायको स्ट्रेचरबरोबर गेली. त्या बाईला काही कळलंच नव्हतं, ती 'नीट आणलंत' म्हणत ठोंब्याला हात जोडून गेली. ठोंब्या मात्र आपल्या जागी मांडीवर हात ठेवून बसून राहिला होता. मावशी दारातून वाकली तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "ढगातून वर आलो तेव्हा माथा दिसला, मावशी. झाडं मोजता आली असती." मग त्यानं तोंड फिरवलं. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे."

साहेब आले. मावशीनं सगळ्यांना मागे सारलं, टॉर्च तोंडाशी न धरता काखेत धरला आणि क्षितिजाचा प्लग हलक्या हातानं सोडवला. तीन पिनांतली एक हिरवी झाली होती. वैमानिकापुढच्या काचेच्या कोपऱ्यातून झिरपलेलं पाणी तारांच्या जुडग्यावरून ओघळत तिथवर येत होतं. साहेब नीट बघायला जवळ झुकले आणि हँगरमधली जुनी सवय, त्यांनी ओठांचा चंबू केला. मावशीनं साहेबांच्या तोंडावर थाडकन हात ठेवला. एरवी हँगरमध्ये यावर महिनाभर हशा पिकला असता. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

जिवात जीव आला तो एवढ्यापुरताच. प्लग हातात धरून उभी असताना मावशीला बावीस वर्षांपूर्वीचा भावजींचा आवाज आठवला. याच हँगरच्या दारात उभे राहून ते म्हणाले होते, "मेहुणीनं फुंकर मारलीय, आता कसली भीती?"

ती खोलीत गेली, कपाटाच्या तळातून जुनी वही ओढली. पानं पिवळी पडली होती. भावजींच्या उभट अक्षरात लिहिलेलं होतं, 'क्षितिज कलते.' त्याखाली तिचं स्वतःचं, तेव्हाचं गोलगोल अक्षर: 'तपासले. दोष आढळला नाही.' दहा दिवसांनी पुन्हा तेच, खाली पुन्हा तेच. चौकशीत वाचून दाखवली होती ती हीच दोन वाक्यं. यंत्र दोनदा तपासलं होतं, निर्दोष होतं, म्हणून माणूस दोषी.

साहेब मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी वहीत पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. "मावशी, हे उकरून काय मिळणार? विमान जळालं. प्लग राहिला नाही. खात्री कधीच होणार नाही."

"हो," मावशी म्हणाली. तिनं वही काखोटीला मारली आणि डगला न बदलता निघाली. रस्ता दोन मैलांचा. तिनं तो चालत काटला. वाटेत ओळखीचे लोक तिच्या डगल्यावरचे डाग बघून थांबत होते, काहीतरी विचारत होते. तिला एकही शब्द ऐकू आला नाही. एकदा तर परत फिरावं असं वाटलं. ठोंब्या वाचला, एवढं सांगून चहा घेऊन घरी जावं. बावीस वर्षं ताईला सवय झाली होती, तशीच राहू द्यावी. ती एका भिंतीला टेकून थांबली, वही या काखेतून त्या काखेत घेतली आणि पुन्हा चालू लागली.

ताईनं दार उघडलं आणि मावशीचा सुजलेला गाल, रक्ताळलेली हनुवटी बघून ती पुढे झाली. "अगं काय हे? दाढ काढली ना? ये, बस. बघू दे." तिनं मावशीची हनुवटी धरून वर केली आणि लहानपणी फुटलेल्या गुडघ्यावर घालायची तशी फुंकर घालायला तोंड पुढे केलं.

"नको, ताई. फुंकर नको. आधी ऐक."

उंबऱ्यातच उभं राहून मावशीनं सगळं सांगितलं. सकाळपासूनचं, मग बावीस वर्षांपूर्वीचं. वही उघडून दोन्ही अक्षरं दाखवली. शेवटी म्हणाली, "खात्री नाही, ताई. सिद्धही करता येणार नाही. पण मला वाटतं, भावजींचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं."

ताई नवऱ्याच्या अक्षरावरून बोट फिरवत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. मावशीला वाटलं, एक थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं.

"खात्री नव्हतीच कुणाला," ताई म्हणाली. "तरी मी सहा दारात जाऊन सांगून आले, आमच्या ह्यांचं चुकलं म्हणून. तू माझा हात धरला होतास."

तिनं वही मिटून मावशीच्या हातात परत दिली, खुंटीवरची किल्ली घेतली आणि चपला पायात सरकवल्या.

"चल. सहाही घरं अजून तिथंच आहेत. या वेळी हात मी धरते, बोलायचं तू."